उन्हाने रापणारी त्वचा आणि वनस्पतींचे अर्क : चाचण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनस्पतींचे अर्क त्वचेच्या पेशींवर तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत बसले की शेजारची बाई हमखास विचारते, "तुम्ही ते क्रीमचं वगैरे करता ना? मग चेहऱ्याला काय लावू?" घरगुती साबण-क्रीम बनवून विकणारे वेगळं विचारतात, एमएस्सी आणि एमफार्मची मुलं आणखी वेगळं. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. क्रम जसा सुचला तसा.

ऊन लागून त्वचा म्हातारी होते म्हणजे काय? ती वयाने होतेच ना?

वयाने होतेच. पण स्वतःच्या दंडाची आतली बाजू आणि हाताच्या पंज्याची वरची बाजू शेजारी धरून बघा. दोन्हींचं वय एकच. आतली त्वचा मऊ, एकरंगी. पंज्यावर मात्र डाग, बारीक रेघा, जाडसर पोत. या दोन जागांतला बराचसा फरक उन्हाचा. आयुष्यभर शेतात राबलेल्या माणसाच्या मानेवर मागच्या बाजूला शंकरपाळ्यांसारख्या ज्या खोल घड्या पडतात, तेही हेच. आपल्याकडे याला 'रापणे' हा चपखल शब्द आहे.

२०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. वय ६९, मालाची गाडी २८ वर्षं चालवलेली. तिकडे चालक डावीकडे बसतो. खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांनी भरून लोंबलेला, उजवा त्या मानाने ठीकठाक. एकाच चेहऱ्यावर दोन वयं. उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपैकी यूव्हीबी खिडकीची काच अडवते, पण यूव्हीए बऱ्याच प्रमाणात आत येऊ देते. आपल्याकडच्या चालकांचा उजवा गाल बघायला हवा.

आत काय घडतं तेही आता चांगलं माहीत आहे. यूव्हीबी मुख्यतः वरच्या थरात शोषलं जातं, यूव्हीए खालच्या थरापर्यंत पोचतं. पेशींमध्ये ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात, त्यातून एपी-१ नावाचा जनुकांचा खटका दाबला जातो आणि पेशी एमएमपी नावाची विकरं सोडायला लागतात. ही विकरं (एन्झाइम) म्हणजे कोलॅजेन, म्हणजे त्वचेला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, कापणाऱ्या कात्र्या. मिशिगन विद्यापीठात गॅरी फिशर आणि जॉन वूरहीस यांच्या गटाने १९९६-९७ च्या सुमारास हे माणसाच्या त्वचेतच दाखवून दिलं. त्यासाठी त्यांनी स्वयंसेवकांच्या नितंबांवरची त्वचा घेतली, कारण ऊन न बघितलेली त्वचा बहुतेकांकडे तिथेच सापडते. त्यांच्या कामातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की त्वचा लालसुद्धा होणार नाही इतक्या कमी किरणांनीही या कात्र्या सुरू होतात. तेव्हा 'मला कुठे काही भाजलं?' याला फारसा अर्थ नाही.

मग वनस्पतीतलं संयुग यात काय करू शकतं?

ढोबळ चार कामं. किरण स्वतः शोषून घेणं, म्हणजे छत्री होणं. उपद्रवी रेणू टिपणं. एपी-१ आणि एमएमपीचा तो सिलसिला मध्येच तोडणं. आणि झालेली मोडतोड दुरुस्त करायला लावणं, म्हणजे नवं कोलॅजेन बनवून घेणं.

ही चार कामं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाची चाचणी वेगळी आहे. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे : चाचणी एका कामाची केलेली असते आणि डबीवर दावा दुसऱ्याच कामाचा छापलेला असतो.

चाचणीची सुरुवात कुठून करतात?

वनस्पती कोणती हे ठरवण्यापासून. हसू नका. बाजारातल्या 'मंजिष्ठा'च्या पुडीत नेमकं काय आहे हे काष्ठौषधीवाल्यालाही दर वेळी सांगता येत नाही. पुण्यात आघारकर संशोधन संस्था किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र नमुना बघून ओळख पटवून देतं. फुलाफळासकट फांदी दाबून-वाळवून न्यावी. नुसती पूड नेली तर तेही काय करणार?

पुढे अर्क. पाण्यात काढला की एक माल, अल्कोहोलमध्ये काढला की दुसरा. जूनमध्ये तोडलेली पानं आणि जानेवारीतली पानं यांतही फरक पडतो. म्हणून निदान एखाद्या खूण-संयुगाचं प्रमाण एचपीएलसीवर (मिश्रणातली संयुगं वेगळी करून मोजणारं यंत्र) मोजून ठेवावं, नाहीतर सहा महिन्यांनी स्वतःचाच प्रयोग स्वतःला पुन्हा करता येत नाही.

आणि मग डीपीपीएच, म्हणजे अर्क उपद्रवी रेणू टिपतो का ते बघायची सोपी चाचणी. जांभळं द्रावण, त्यात अर्क टाकला की पिवळं पडतं, ५१७ नॅनोमीटरवर मोजायचं, अर्ध्या तासात आलेख तयार. महाराष्ट्रातल्या फार्मसी कॉलेजांमधून दरवर्षी याच्यावर किती प्रबंध निघत असतील देव जाणे. माझं मत विचाराल तर ही चाचणी जवळजवळ कुणालाच नापास करत नाही. टपरीवरचा कोरा चहा पास होतो, डाळिंबाची साल पास होते, आवळा तर पहिल्या वर्गात. परीक्षानळीत रेणू टिपता येतो एवढंच तिने कळतं. त्वचा त्यात कुठेच नसते.

पेशींवरची चाचणी प्रत्यक्षात कशी होते?

त्वचेच्या पेशी प्लास्टिकच्या ताटलीत वाढवतात. आपल्याकडे त्या बहुधा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मागवतात. पेशी ताटलीच्या तळाला चिकटून पसरल्या की त्यांना आदल्या दिवशी किंवा काही तास आधी अर्क देतात. अर्क बहुधा डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवलेला असतो, म्हणून तेवढंच नुसतं डीएमएसओ दिलेल्या पेशी शेजारी ठेवाव्या लागतात.

किरण द्यायच्या आधी त्यांचं खाद्य काढून टाकायचं आणि खारट बफरचा पातळ थर ठेवायचा. खाद्यात लाल रंग असतो, रायबोफ्लेविन असतं, ट्रिप्टोफॅन असतं. ते किरण शोषतात आणि वर स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. मग ताटलीचं झाकण काढायचं, कारण प्लास्टिकचं झाकण यूव्हीबीचा चांगलाच वाटा खाऊन टाकतं. नवीन मुलं हमखास हे विसरतात आणि 'आमच्या अर्काने शंभर टक्के पेशी वाचल्या' म्हणून नाचत येतात.

दिवा किती वेळ लावायचा हा सरळ गुणाकार आहे. मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॅट दिसत असेल तर ३० सेकंदांत ३० मिलिज्यूल होतात. यूव्हीबीसाठी साधारण २० ते ५० मिलिज्यूल देतात. यूव्हीए मात्र ज्यूलमध्ये द्यावं लागतं, ५ ते २० ज्यूल, म्हणजे काहीशे पट जास्त. यूव्हीबीच्या दिव्यातून थोडं यूव्हीसीही निघतं. सूर्याचं यूव्हीसी ओझोन अडवतो, जमिनीवर ते येतच नाही. म्हणून दिव्यापुढे सेल्युलोज ट्रायअ‍ॅसिटेटचा पापुद्रा लावून ते गाळायचं. तो पापुद्रा वापरून वापरून खराब होतो आणि बदलावा लागतो. हे कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये ठळक अक्षरात लिहिलेलं नसतं.

चोवीस तासांनी मोजणी : किती पेशी जगल्या, एमएमपी-१ किती सुटलं, कोलॅजेन किती बनलं.

इथे एक प्रश्न प्रबंध तपासताना मी प्रत्येकाला विचारते. किरण देताना अर्क ताटलीत होता की आधी धुऊन काढला होता? अर्क तसाच ठेवला असेल आणि तो यूव्ही शोषणारा असेल, तर पेशी वाचल्या त्या छत्रीमुळे. अर्क त्यांच्या आत गेलाच नसेल. छत्री असणं वाईट नाही. पण मग 'एपी-१ मार्ग रोखतो' असं लिहू नका.

कोणत्या पेशी घ्याव्यात?

हाकाट नावाच्या पेशी सर्रास घेतात. १९८८ मध्ये हायडेलबर्गला प्रौढ माणसाच्या त्वचेतून आपोआप अमर झालेली ही केराटिनोसाइटची (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींची) वाण. स्वस्त, चिवट, न कुरकुरता वाढणारी. पण तिच्यातलं पी-५३ हे जनुक बिघडलेलं आहे, तेही अतिनील किरणांनी बिघडावं तशाच पद्धतीने. डीएनए दुखावल्यावर पेशीने थांबायचं की मरायचं हे ठरवण्यात याच जनुकाचा मोठा हात असतो. म्हणजे पहारेकरी झोपलेल्या वाड्यात चोरीची चाचणी घेण्यासारखं. सुरकुत्यांबद्दल बोलायचं असेल तर माणसाच्या त्वचेतले ताजे फायब्रोब्लास्ट घ्या, कोलॅजेन बनवण्याचं काम मुख्यतः तेच करतात.

तुमचा स्वतःचा निकाल कधी चुकला आहे का?

चुकला आहे, आणि चांगलाच. आम्ही काताचा अर्क तपासत होतो. खैराचं लाकूड उकळून काढलेला, विड्यात घालतात तोच कात. (ग्रीन टीच्या जाहिरातीत जे 'कॅटेचिन' असतं त्याचं नाव कातावरूनच आलेलं आहे, कारण कातालाच कॅटेच्यू म्हणतात. हे कळल्यावर माझ्या मामांनी त्या दिवशी एक विडा जास्त खाल्ला.)

उपद्रवी रेणू मोजायला पेशींना एक रंगद्रव्य देतात. रेणू जास्त तितका हिरवा उजेड जास्त. काताचा अर्क दिलेल्या पेशींत उजेड एकदम खाली आला. मात्रा वाढवली की आणखी खाली, आलेख अगदी आखीव. आम्ही पोस्टरसुद्धा छापलं.

मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी साधी गोष्ट करायला सांगितली : पेशी बाजूला ठेवा, आधीच हिरवा उजेड देणारं तयार रंगद्रव्य ताटलीतल्या रिकाम्या खाचेत घ्या आणि त्यात अर्क टाका. टाकला. उजेड तिथेही खाली आला. अर्क तांबडा-तपकिरी होता, तो उजेडच गिळत होता. पेशींमध्ये काय चाललं होतं हे आम्हाला कळलंच नव्हतं. पोस्टरची गुंडाळी अजून कपाटावर आहे.

असाच दुसरा सापळा एमटीटीचा. पिवळं द्रव्य जिवंत पेशी जांभळं करतात, म्हणून जांभळ्यावरून जिवंतपणा मोजायचा. पण क जीवनसत्त्व आणि कित्येक पॉलिफेनॉल ते द्रव्य पेशींशिवायही जांभळं करतात. एक खाच बिनपेशींची, फक्त अर्काची ठेवा. खर्च शून्य.

खोबरेल तेलाचा एसपीएफ ८ आहे असं वाचलं. खरं का?

एसपीएफ म्हणजे उन्हाने लाली येण्यापासून किती पट संरक्षण मिळतं तो आकडा. खोबरेलाचा हा ८ एका भारतीय शोधनिबंधातून फिरत फिरत सगळीकडे गेला आहे. तेल अल्कोहोलमध्ये पातळ करून यंत्रात २९० ते ३२० नॅनोमीटरमध्ये किती प्रकाश शोषला जातो ते मोजतात आणि एका सूत्रात घालतात. सूत्र सोयीचं आहे, दहा अर्कांतून एक निवडायला मीही वापरते. पण त्यात यूव्हीए मोजलं जात नाही, आणि यंत्रातल्या क्युव्हेटमधलं (छोट्या पारदर्शक डबीतलं) द्रावण म्हणजे घामेजलेल्या कपाळावरचा तेलाचा ओघळ नव्हे.

खरा एसपीएफ माणसाच्या पाठीवर काढतात. दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून, दिव्याच्या वाढत्या मात्रा देऊन, दुसऱ्या दिवशी कुठल्या चौकोनावर लाली आली ते बघतात. घरी आपण क्रीम लावतो ते बहुतेक वेळा याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. खोबरेल रुक्ष त्वचेला उत्तम आहे. त्याच्या भरवशावर उन्हात क्रिकेट खेळू नका.

अर्क त्वचेच्या आत पोचतो का?

बहुतेक वेळा नाही, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच प्रश्नाकडे होतं. त्वचेचा सगळ्यात वरचा थर माल आत येऊ देण्यासाठी बनलेलाच नाही. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) मोठा रेणू त्यातून सहसा जात नाही. लहान असला तरी पाणी-प्रेमी किंवा भारित असेल तर अडतो. ग्रीन टीतलं ईजीसीजी ४५८ डाल्टनचं, पण अंगावर आठ पाणी-प्रेमी हायड्रॉक्सिल गट घेऊन फिरणारं. क जीवनसत्त्व जेमतेम १७६ चं, पण पीएच ३.५ च्या खाली असेल तरच नीट शिरतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या गटाने हे दाखवलं आणि २००५ मध्ये १५ टक्के क, १ टक्का ई आणि अर्धा टक्का फेरुलिक आम्ल एकत्र केल्यावर डुकराच्या त्वचेवर संरक्षण चौपटीवरून आठपटीवर गेल्याचंही दाखवलं. फेरुलिक आम्ल तांदळाच्या कोंड्यातही असतं, पण म्हणून कोंड्याचा लेप लावून ते होणार नाही. आम्लता, प्रमाण, टिकाऊपणा सगळं जुळावं लागतं.

तपासायला फ्रान्झ सेल नावाचं काचेचं छोटं भांडं असतं. दोन कप्प्यांमध्ये त्वचेचा तुकडा ताणून बसवतात, वर क्रीम, खाली द्रव. ठराविक वेळाने खालच्या द्रवातला नमुना काढून संयुग किती उतरलं ते मोजतात. बहुतेकदा डुकराच्या कानाची त्वचा वापरतात, ती आपल्या त्वचेशी बरीच मिळतीजुळती असते. ती आणायला सकाळी लवकर जावं लागतं, आणि येताना रिक्षावाल्याला डब्यात काय आहे ते न सांगणं बरं.

ताटलीत पेशींना दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम अर्क देऊन छान निकाल आला असेल, तर तेवढं प्रमाण खालच्या थरात कधी पोचणार आहे का, हे विचारा.

प्राण्यांवर चाचणी करतात का?

बिनकेसांच्या उंदरांवर आठवड्यातून तीनदा यूव्हीबी, दहा-बारा आठवडे, आणि मग पाठीवरच्या सुरकुत्यांचे सिलिकॉनचे ठसे. संशोधनात हे अजूनही चालतं. सौंदर्यप्रसाधनांसाठी मात्र भारतात २०१४ पासून प्राण्यांवरच्या चाचण्यांवर बंदी आहे. युरोपात त्याआधी, २०१३ मध्ये पूर्ण बंदी आली. त्याऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेली थरांची मानवी त्वचा मिळते. महाग आहे.

माणसांवरच्या चाचण्यांत काय निघालं?

सगळ्यात भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावचा. ५५ वर्षांखालचे ९०३ जण, साडेचार वर्षं. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, काहींना स्वतःच्या मर्जीने. शिवाय काहींना रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी. हाताच्या पंज्याचे ठसे घेऊन त्वचेचा पोत मोजला. २०१३ मध्ये निकाल छापून आला : रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांमध्ये त्वचेचं वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी. बीटा-कॅरोटीनचा एकंदर परिणाम काहीही नाही. गाजराचा नारिंगी रंग, नैसर्गिक, अँटिऑक्सिडंट, आणि तरीही काही नाही.

ग्रीन टीचंही बघा. पेशींत आणि उंदरांत झकास. पण २०१५ च्या एका ब्रिटिश चाचणीत ५० निरोगी लोकांपैकी निम्म्यांनी बारा आठवडे रोज १,०८० मिलिग्रॅम कॅटेचिन घेतलं आणि अतिनील किरणांनी येणारी लाली काही कमी झाली नाही. त्याआधी २००५ मध्ये ४० स्त्रियांवर क्रीम आणि गोळी दोन्ही देऊन बघितलं होतं. आठ आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली लवचीक तंतूंत थोडी सुधारणा दिसली, चेहरा बघणाऱ्या डॉक्टरांना फरक दिसला नाही.

टोमॅटोने मात्र मला चकित केलं. जर्मनीत २००१ मध्ये रोज ४० ग्रॅम टोमॅटोची पेस्ट ऑलिव्ह तेलासोबत दहा आठवडे दिली, लाली ४० टक्क्यांनी कमी. पुढे ब्रिटनमध्ये २० स्त्रियांपैकी काहींना ५५ ग्रॅम पेस्ट बारा आठवडे दिली, तेव्हा किरणांनी वाढणारं एमएमपी-१ सुद्धा कमी भरलं. गट लहान आहेत, आणि ४० टक्के कमी लाली म्हणजे एसपीएफच्या भाषेत दोनच्याही आतच. पण शिजवून, तेलात, रोज हे वर्णन आपल्या टोमॅटोच्या भाजीला तंतोतंत लागू पडतं, आणि ती खायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

'वापरकर्त्यांपैकी इतक्या टक्क्यांना फरक जाणवला' हे कितपत धरावं?

सोडून द्यावं. कुठलंही बरं क्रीम लावलं की त्वचा पाणी धरते, फुगते आणि बारीक रेघा तासाभरात कमी दिसतात. म्हणून तुलना हवी ती त्याच क्रीमशी, फक्त अर्क वगळून. एका गालावर हे, दुसऱ्यावर ते, आणि कुठलं कुठे हे ना लावणाऱ्याला माहीत ना बघणाऱ्याला. याशिवाय केलेली चाचणी क्रीमची असते, अर्काची नाही.

बाकुचिओल म्हणजे आपली बावचीच का? ते रेटिनॉलसारखं आहे म्हणतात.

बावचीच्या बियांमधलंच. बाकुची या संस्कृत नावावरून बाकुचिओल. आणि ते पहिल्यांदा वेगळं करून त्याची रचना मांडली गेली ती पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव, गोवर्धन मेहता आणि नायक यांच्या हातून, १९६६ मध्ये. पाषाणच्या त्या इमारतीसमोरून जाताना मला दर वेळी गंमत वाटते. परदेशी ब्रँडच्या इवल्याशा बाटलीतल्या 'नव्या' शोधाची जन्मभूमी ही.

रेटिनॉल म्हणजे सुरकुत्यांवर लावतात ते अ जीवनसत्त्वाचं रूप. बाकुचिओलची रचना त्याच्यासारखी अजिबात नाही, पण पेशींमध्ये जी जनुकं चालू-बंद होतात त्यांची यादी बरीच जुळते. २०१९ मध्ये ४४ जणांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली : अर्धा टक्का बाकुचिओल दिवसातून दोनदा विरुद्ध अर्धा टक्का रेटिनॉल दिवसातून एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्हीकडे कमी झाले, रेटिनॉलवाल्यांची त्वचा जास्त सोलवटली आणि चुरचुरली. उत्साहवर्धक आहे. पण नुसत्या क्रीमचा तिसरा गट नव्हता, आणि एकाला दोनदा, दुसऱ्याला एकदा. मी त्याला 'बरोबरी झाली' म्हणणार नाही.

आता महत्त्वाचं. याच बियांमध्ये सोरालेन असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजते, काळवंडते. आयुर्वेदात कोडावर बावची लावून उन्हात बसवतात ते या गुणामुळेच. म्हणजे एकाच बीमध्ये वार्धक्य रोखू पाहणारं संयुगही आहे आणि उन्हाने जाळणारंही. शुद्ध बाकुचिओलमधून सोरालेन काढून टाकलेलं असतं. घरी बावचीचं तेल चेहऱ्याला चोळून उन्हात गेलात तर काढून टाकलेलं काहीच नसतं. कृपा करून करू नका.

अर्क उन्हात उलटा अपाय करेल का, याची चाचणी असते?

असते, आणि ती सगळ्यात आधी करावी. उंदराच्या ३टी३ पेशींना संयुग देऊन अर्ध्यांना ५ ज्यूल यूव्हीए देतात, अर्ध्यांना अंधारात ठेवतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४३२ क्रमांकाची ही पद्धत २००४ पासून आहे. उजेडात विषारीपणा अंधारापेक्षा किती पट वाढला ते काढतात. पाचाच्या वर गेला तर तो अर्क उन्हासाठी विसरा.

लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांना हे दर उन्हाळ्यात फुकट कळतं. लिंबाच्या सालीत आणि रसात सोरालेनचेच भाऊबंद असतात. मे महिन्यात सरबतासाठी चार डझन लिंबं पिळून गच्चीवर पापड वाळत घालायला गेलेल्या काकूंच्या हातावर तिसऱ्या दिवशी ओघळांच्या आकाराचे फोड येतात. 'नैसर्गिक आहे, काय होतंय' याला एवढं उत्तर पुरे.

हळद?

कुर्क्युमिन हा चाचण्यांमधला नाठाळ गडी आहे. रंगीत, स्वतःच चमकणारं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटणारं. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक चाचणीत ते 'काम करतं' असं दिसतं. उजेडात विघटतं, पाण्यात विरघळत नाही, पोटातून रक्तात जेमतेम पोचतं. २०१७ मध्ये औषध-रसायनज्ञांनी या सगळ्याचा सविस्तर पाढा वाचला होता. हळद निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. ताटलीतल्या निकालावर सर्वांत कमी विश्वास ठेवावा असं ते संयुग आहे, एवढाच.

आपली त्वचा गोरी नाही, मग आपल्याला हे सगळं लागू आहे का?

लागू आहे, पण क्रम बदलतो. मेलॅनिनमुळे आपल्याला सुरकुत्या उशिरा येतात. आधी येतात ते वांग, काळे डाग, असमान रंग. आणि सावळ्या त्वचेत दृश्य प्रकाशही रंग गडद करतो, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. गोऱ्या त्वचेत तसं दिसलं नाही. दृश्य प्रकाश अडवायला क्रीमला स्वतःचा रंग लागतो, म्हणून लोह ऑक्साइड घातलेलं मातकट सनस्क्रीन वांगासाठी जास्त उपयोगी. बहुतेक नैसर्गिक अर्क गोऱ्या लोकांच्या लालीवर तपासले गेले आहेत. सावळ्या त्वचेवरचे डाग हा निकष धरून कुणी चाचणी करत असेल तर मला ती वाचायला आवडेल.

उन्हापासून वाचवणाऱ्या गोळ्या?

मध्य अमेरिकेतल्या एका नेच्याचा, पॉलिपोडियम ल्युकोटोमॉसचा अर्क घेऊन लाली कमी होते असं छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. २००४ च्या एका गाजलेल्या चाचणीत नऊ माणसं होती. पूरक म्हणून ठीक, सनस्क्रीनच्या जागी नाही. बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या धूम्रपान करणाऱ्यांनी अजिबात घेऊ नयेत. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवरच्या चाचणीत ती घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त झाला होता.

मी एमफार्मला आहे, सहा महिने हातात आहेत. काय करू?

दहा वनस्पती घेऊ नकोस, एक घे. डीपीपीएच एका दुपारी उरकून टाक. मग यूव्ही शोषणाचा आलेख २९० ते ४०० पर्यंत काढ, म्हणजे छत्री आहे की नाही ते लगेच कळेल. फोटोटॉक्सिसिटी, म्हणजे उन्हात उलटा अपाय होतो का, ते बघ. पेशींवर दोन मांडण्या कर, अर्क धुतलेली आणि न धुतलेली. दोन्हींतला फरक हाच तुझ्या प्रबंधातला सगळ्यात वाचनीय आलेख ठरेल. माहीत असलेलं काहीतरी, उदाहरणार्थ ट्रेटिनॉइन (रेटिनॉलच्याच कुळातलं औषध), शेजारी ठेव. आणि उन्हात दोन तास ठेवलेला अर्क पुन्हा एचपीएलसीवर टाकून बघ, तो स्वतः टिकतो का. कित्येक टिकत नाहीत.

निकाल नकारार्थी आला तर लाज वाटून घेऊ नकोस. बाहेरून परीक्षक येतील ते कदाचित नाक मुरडतील. माझ्याकडे आलास तर चहा पाजेन.

तुम्ही स्वतः काय लावता?

सकाळी रंगीत सनस्क्रीन, दोन बोटांच्या लांबीइतकं, मानेलाही. दुचाकीवर पूर्ण बाह्यांचा सनकोट आणि चेहऱ्याला स्कार्फ. पुण्याच्या मुलींच्या या अवताराची बाहेरचे लोक टिंगल करतात, पण यूव्ही अडवायला घट्ट विणीच्या कापडाइतकं स्वस्त आणि खात्रीचं काही नाही. फ्रिजमध्ये क जीवनसत्त्वाची बाटली आहे. ती पिवळीची तपकिरी झाली की फेकते, कारण मग त्यातलं जीवनसत्त्व बरंचसं संपलेलं असतं.

आणि रविवारी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, आई हळद-सायीचा लेप लावते. त्याची चाचणी मी केलेली नाही, करायचा विचारही नाही.